फॅमिली बॅच, बॅचलर बॅच आणि अल ऐनचा राजवाडा

आमच्या मंडळाचे अध्यक्ष उन्हाळ्याच्या सुट्टीत इटलीला जाऊन आले आणि तेव्हापासून आम्हा दुबईकर मराठी लोकांच्या मागे रेनेसाँस लागला. पॅकेज टूर होती. तीत कललेला मनोराही होता आणि चामड्याच्या पर्सच्या कारखान्याला भेटही होती. पण अध्यक्षांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, मनात भरला तो फ्लोरेन्सचा राजवाडा. म्हणजे पूर्वी राजवाडा, आता म्युझियम. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी त्यावर तासभर स्लाइड दाखवल्या. प्रत्येक स्लाइडमध्ये राजवाडा थोडा आणि सर जास्त. रंगवलेल्या छताखाली सर, संगमरवरी जिन्यावर सर, एका उघड्या पुतळ्याशेजारी, त्याच्याकडे न बघता, सर. मसालेभाताची पातेली मागे झाकून ठेवली होती आणि रेनेसाँस संपल्याशिवाय झाकण निघणार नव्हतं.

शेवटी सर म्हणाले, "जो समाज राजवाडे बघत नाही, तो समाज मोठा होत नाही." टाळ्या पडल्या. त्या झाकण निघालं म्हणून होत्या, पण सरांनी त्या स्वतःकडे घेतल्या. थंडी पडल्यावर ग्रुपवर मेसेज आला: 'चला, यूएईचा रेनेसाँस अनुभवू या! अल ऐनचा ऐतिहासिक राजवाडा, येत्या रविवारी, सहकुटुंब सहपरिवार.' खाली बारीक अक्षरांत: 'फॅमिली बस सिलिकॉन ओएसिसहून सुटेल. बॅचलर बस अल कुसैसहून.' म्हणजे एक फ्लॅटवाल्यांच्या वस्तीतून, दुसरी कामगारांच्या.

बॅचलर म्हणजे लग्न न झालेला, असं कुणी शाळेत शिकवलं असेल तर ते विसरा. आमच्या मंडळात बॅचलर म्हणजे ज्याची बायको इथे राहत नाही तो. गुहागरला बायको, तीन मुलं, म्हातारी आई, गोठ्यात म्हैस, असं सगळं असलेला पन्नाशीचा सुतार इथे बॅचलर. आणि मी? वय सव्वीस, लग्न नाही, ठरलेलं नाही, ठरवायला आलेल्या दोघांना दारातून परत पाठवलेलं. मी फॅमिली. कारण मी ताई-भावजींच्या फ्लॅटमध्ये राहते आणि सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात लॅपटॉपसमोर बसते. गळ्यात आयकार्डाची पट्टी असली की माणूस फॅमिली होतो. डोक्यावर हेल्मेट असलं की बॅचलर. हा कुठल्या सरकारचा कायदा नाही. आमच्याच चांगल्या घरच्या, शिकल्यासवरल्या, दिवाळी अंक मागवून वाचणाऱ्या लोकांनी घरबसल्या काढलेला आहे.

मी कॉलेजात संघटनेची पत्रकं लिहायचे. वाक्य छोटं, मागणी स्पष्ट, शेवटी निषेध. इथे पत्रक वाटायची सोय नाही, म्हणून मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिते. ताईने तो ग्रुप म्यूट केलाय. मंडळाने मला मनातल्या मनात म्यूट केलंय.

पण या वेळी मला निषेध नोंदवायचा नव्हता. मला दोन सीट हव्या होत्या, शेजारी-शेजारी.

भावजींच्या गावचे एक दादा इथे साइटवर शटरिंगचं काम करतात. सतरा वर्षं झाली. दोन वर्षांतून एकदा महिना-दीड महिना घरी जातात, छप्पर शाकारतात, लग्नाबारशांना हजेरी लावतात आणि परत येतात. या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाला चिपळूणला नोकरी लागली आणि त्या पोराने पहिलं काम काय केलं, तर आईचं तिकीट काढलं. महिन्याचा व्हिजिट व्हिसा. सतरा वर्षांत वहिनी पहिल्यांदा नवऱ्याच्या मुलखात आल्या.

आल्या, पण राहणार कुठे? दादा कंपनीच्या लेबर कॅम्पात राहतात. एका खोलीत आठ जण. तिथे बाईमाणसाला ठेवता येत नाही. भावजींनी छातीठोकपणे सांगितलं, "वहिनींना आमच्याकडे ठेवा. घर तुमचंच आहे." त्यामुळे बायको सिलिकॉन ओएसिसला आणि नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला. दादा पहाटे चारला उठतात, अंधार पडल्यावर खोलीवर येतात. उरला रविवार.

पहिल्या रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आमच्या सोफ्याच्या काठावर बसले. अगदी काठावर, जणू सोफा कुणी परत मागणार होतं. आता मराठी घरात पाहुणा आला की त्याला एकटं सोडायचं नसतं. ते अपमानास्पद असतं. म्हणून भावजी बसले. भावजी बसले म्हणून ताई बसली. मी बसले. आठ वर्षांची भाची आयपॅड घेऊन बसली. आम्ही सगळे मिळून दादांना एकटं न सोडण्याचं काम संध्याकाळपर्यंत करत राहिलो. वहिनी बहुतेक वेळ स्वयंपाकघरात. ताई दर पाच मिनिटांनी ओरडायची, "अहो वहिनी, बसा ना बाहेर, तुम्ही पाहुण्या आहात!" आणि बसायला वेळ मिळू नये इतकं पीठ पुढे सरकवायची. घावणे मात्र सगळ्यांना हवे होते.

दुसऱ्या रविवारी भावजींना काहीतरी उमगलं. म्हणाले, "तुम्ही दोघं खाली फिरून या की. लेकच्या बाजूला छान आहे." दादा लाजले, वहिनी लाजल्या, चपला घातल्या. तेवढ्यात ताई म्हणाली, "रस्ता चुकतील," आणि भाचीला बरोबर दिलं. अर्ध्या तासात तिघंही परत. भाची म्हणाली, "दे डिडन्ट इव्हन टॉक. ते फक्त वॉक करत होते. मावशी, आर दे डेटिंग?"

तिसऱ्या रविवारी दादांना ओव्हरटाइम लागला.

चौथा रविवार म्हणजे ही सहल. बुधवारी वहिनींचं विमान. यापुढे दोन वर्षं फोन. एकवीस वर्षांच्या लग्नात या खेपेला उरलेला हा एकच मोकळा दिवस, आणि तोही आमच्या मंडळाने दोन बसमध्ये वाटून ठेवलेला. दादांचं नाव नेहमीप्रमाणे बॅचलर बसमध्ये, वहिनींचं आमच्याबरोबर फॅमिली बसमध्ये.

मी सचिवांना फोन लावला. सचिव सज्जन आहेत. ते एका बँकेत आहेत, आवाज कधी चढवत नाहीत, आणि प्रत्येक नकारापूर्वी समोरच्याचं कौतुक करतात.

"तुमची तळमळ मला कळते, मॅडम. पण दादा बॅचलर आहेत."

"त्यांची बायको आमच्या घरात भाकऱ्या थापतेय, काका."

"हो, पण त्या व्हिजिटवर आहेत ना. कायमच्या नाहीत. उद्या त्या गेल्या की दादा परत बॅचलर."

"उद्या तुमच्या मिसेस माहेरी गेल्या तर तुम्ही?"

"मॅडम, विनोद नको. फॅमिली बसमध्ये लेडीज असतात. अनकम्फर्टेबल होतात."

"मग वहिनींना बॅचलर बसमध्ये बसू दे. नवऱ्याच्या शेजारी."

"चाळीस पुरुषांमध्ये एक लेडी? जबाबदारी कोण घेणार?"

"मग असं करू. मी बॅचलर बसमध्ये जाते, दादा माझ्या सीटवर बसतील. मी बॅचलर आहे. खरीखुरी. सर्टिफिकेट आणून देते."

 सचिव म्हणाले, "तुम्ही फार छान बोलता. मंडळाच्या निवेदनासाठी तुमचा विचार करायला हवा." आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी आमची फॅमिली बस निघाली. वहिनी माझ्या शेजारी खिडकीत. नवी हिरवी साडी, मांडीवर स्टीलचा तीन ताळी डबा, दोन्ही हातांनी धरलेला. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी होती. दादांना आवडते म्हणून सुकट गावाहून आणलेलं. एसी बसच्या बंद काचांत ते लवकरच आपली ओळख करून द्यायला लागलं. मागून एक पोरगं म्हणालं, "मॉम, समथिंग डाइड." त्याची आई हसली आणि तिने हँडबॅगेतून अत्तर काढून हवेत फवारलं. आता सुकटावर गुलाब. वहिनींनी डबा पदराखाली घेतला.

माइकवर सर बोलत होते. रेनेसाँस म्हणजे पुनर्जन्म. माणूस केंद्रस्थानी आला. माणसाला माणूस म्हणून किंमत आली. फ्लोरेन्सच्या एका घराण्याने हे घडवून आणलं, आणि त्या घराण्याचा मूळ धंदा बँकिंग होता, हे सांगताना त्यांनी सचिवांकडे बघितलं. सचिव नम्रपणे खाली बघू लागले. मग हाउजी झाली. मग वडे वाटले. बाहेर दीड तास वाळवंट चाललं होतं, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

अल ऐनला पोचल्यावर वेळापत्रक जाहीर झालं. आधी फॅमिली बॅच राजवाड्यात जाईल, तोवर बॅचलर बॅच खजुराच्या बागेत फिरेल. मग फॅमिली बॅच पार्कात जेवायला, आणि बॅचलर बॅच राजवाड्यात. म्हणजे दिवसभर एकमेकांचं तोंड दिसायला नको, इतकं काटेकोर. ज्या माणसाने हे आखलं त्याला रेल्वेचे सिग्नल सांभाळायला द्यायला हवं होतं.

वहिनींनी मला हळूच विचारलं, "हे कुठं हायत?"

"बागेत आहेत. नंतर येतील."

"आपन बागेत नाय जायाचं?"

"आपण फॅमिली आहोत."

 वहिनींनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

राजवाडा समोर आला आणि फॅमिली बॅच गप्प झाली. आधी मला वाटलं भारावली. मग कळलं, फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. मातीच्या रंगाच्या भिंती, साधा दरवाजा, आत अंगणं, अंगणात खजुराची झाडं, अंगणाभोवती खोल्या. इथल्या राज्यकर्त्या घराण्याचं जुनं घर. जमिनीवर गालिचे, भिंतीला टेकून उशा, मधोमध कॉफीच्या किटल्या. पाहुण्यांनी येऊन बसावं, बोलावं, कॉफी प्यावी, अशा खोलीमागून खोल्या. झुंबर नाही. संगमरवर नाही. उघडा पुतळा तर नाहीच.

"एवढंच?" खजिनदारांच्या बायकोने विचारलं. त्यांनी सहलीसाठी खास पैठणी नेसली होती. "अहो, आमचा व्हिला याच्यापेक्षा मोठा आहे."

एक जण म्हणाला, "सोन्याचं काही नाही का?"

मला घर आवडलं. राजा असून मातीत राहणारा माणूस आणि भाड्याच्या फ्लॅटला सोनेरी नळ लावणारा माणूस, यात मी कुणाला मत देईन हे सांगायची गरज नाही. पण सरांची पंचाईत झाली. त्यांनी रेनेसाँस कबूल केला होता. तो काढून दाखवणं भाग होतं. मग ते प्रत्येक खोलीत उभे राहून फ्लोरेन्स सांगू लागले. इथे गालिचा आहे ना, तिथे फ्रेस्को होतं. इथे अंगण आहे ना, तिथे कारंजं होतं. इथे ही जुनी जीप उभी आहे ना, तिथे रथ असणार. आम्ही अल ऐनच्या राजवाड्यात उभे राहून तो सोडून सगळं बघत होतो. माहितीच्या पाट्या इंग्रजीत आणि अरबीत होत्या, त्या वाचायला माझ्याशिवाय एकही जण थांबला नाही. फोटोला मात्र प्रत्येक दारात रांग.

घरच्या मंडळींच्या दालनात आलो. एक पलंग, त्यावर स्वच्छ चादर, कोपऱ्यात पेटी. वहिनी तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. बाकी घरात पाहुण्यांसाठी इतक्या खोल्या, आणि इथे एकदम माणसांचं घर. सरांनी मागून सुरुवात केली, "फ्लोरेन्सच्या राजवाड्यात ड्यूकची दालनं वेगळी आणि डचेसची वेगळी. मध्ये लांबलचक कॉरिडॉर. नवरा-बायको असले तरी प्रत्येकाची स्वतंत्र स्पेस. ही खरी संस्कृती."

वहिनींनी मान वळवली. सहलीभर त्या मंडळींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मग भेटायाचं झालं तर बस करायची का वो त्यांना?"

कुणीतरी फस्सकन हसलं. बहुधा भावजी. सर म्हणाले, "छान, छान, प्रश्न विचारले पाहिजेत," आणि पुढच्या खोलीकडे निघाले.

सचिवांनी घड्याळ बघून टाळी वाजवली. "चला मंडळी, खलास! बॅचलर बॅच गेटवर आलीय. यल्ला, यल्ला!" गल्फमध्ये राहून आमचे लोक अरबी एवढीच शिकले: माणसं हाकायला लागते तेवढी.

आम्ही बाहेरच्या अंगणात आलो तेव्हा दुसरी बॅच आत येत होती. चाळीस पुरुष, धुतलेले शर्ट, तेल लावून चोपलेले केस, एका रांगेत. रांग त्यांना कुणी सांगितली नव्हती, अंगवळणी पडलेली होती. आमची झुंड डावीकडून, त्यांची रांग उजवीकडून. मध्ये सचिव वाहतूक पोलिसासारखे हात पसरून उभे. रांगेत सातव्या-आठव्या जागी दादा. त्यांनी वहिनींना बघितलं आणि नजरेनेच विचारलं, बरंय ना? मग पुढच्याच्या पाठीकडे बघत चालू लागले.

वहिनी आमच्या झुंडीतून बाजूला झाल्या. खजुराच्या झाडाखाली भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर जाऊन बसल्या. डबा शेजारी ठेवला.

"वहिनी, बस सुटेल," सचिव म्हणाले.

"सुटू दे."

"अहो, जेवण आहे पार्कात. श्रीखंड-पुरी आहे."

"मी आनलंय माजं."

"तसं नाही, तुम्ही फॅमिली बॅचमध्ये आहात. तुमचा राजवाडा बघून झालाय."

"राजवाडा बघितला," वहिनी म्हणाल्या. "मानूस बघायचा राहिलाय."

रांग थांबली. झुंडही थांबली. पैठणीवाल्या बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या, त्यांना इथे एकदाचं काहीतरी बघण्यासारखं मिळालं होतं. दादा रांगेतून बाहेर आले, पण बाकापर्यंत गेले नाहीत. मध्येच उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल.

"जा गं तू," ते खालच्या आवाजात म्हणाले. "साहेबांना कशाला तरास. संध्याकाळी फोन करतो ना."

"मी हजार मैलावरनं फोन घ्यायला आलेय?"

"लोक बघतायत."

"बघू दे. तुमी गावाला आलात तरी लोक असतात, ह्या बायच्या घरी आलात तरी लोक असतात. सतरा वर्सं लोकांना तरास नको, लोकांना तरास नको. मला होतो त्याचं काय? बसा हितं."

दादा सचिवांकडे बघू लागले. परवानगी मागत होते. बायकोशेजारी बसायची परवानगी, बँकेतल्या एका काकांकडे. माझं डोकं सटकलं ते इथे.

गडबड बघून गेटवरचा रखवालदार आला. पठाण होता, साठीचा, मिशीला मेंदी. "क्या मसला है?"

सचिवांनी आपल्या सभ्य हिंदीत समजावलं, "भाईसाब, ये लेडी फॅमिली ग्रुप में है, और ये आदमी बॅचलर ग्रुप में है. दोनो का टाइम अलग है."

"ये आदमी इनका कौन है?"

"हसबंड."

रखवालदाराने दादांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग बराच वेळ सचिवांकडे.

"शादी के कितने साल?" त्याने दादांना विचारलं.

"इक्कीस."

"इक्कीस साल से बॅचलर," तो म्हणाला आणि मान हलवत परत आपल्या खुर्चीकडे गेला. जाता जाता म्हणाला, "शाम तक खुला है. बेंच बैठने के लिए ही है, साब."

आता माझी पाळी होती. मी घसा साफ केला. मी तयार होते. माणूस केंद्रस्थानी आला म्हणून बसमध्ये तासभर माइक अडवणाऱ्यांनी एका माणसाला एक बाक नाकारला, इथपासून सुरुवात केली. या घरात राजा पाहुण्यांबरोबर जमिनीवर बसायचा, असं इथल्या पाटीवर लिहिलंय, ती कुणी वाचली का, इथपर्यंत पोचले. "आणि आज मंडळाला मी जाहीर विचारते की," असं म्हणून मी वहिनींच्या शेजारी बाकावर बसले. धरणं धरतात तसं. मांडी ठोकून.

वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाय, छान बोललीस. आता तू पन जा."

"मी? अहो मी तुमच्या बाजूने आहे."

"म्हनूनच सांगते. जा. सगळीच जा."

आयुष्यात मला पोलिसांनी उठवलंय, प्राचार्यांनी उठवलंय. ज्यांच्यासाठी बसले त्यांनीच उठवायची ही पहिली वेळ. पण बाक तीन माणसांचा नव्हता, हे दिसत होतं. मी उठले.

मला जे सांगावं लागलं ते त्या चाळीस जणांना सांगावं लागलं नाही. रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस मोठ्याने म्हणाला, "चला रे, आत म्हनं जुनी जीप हाय, फोटू काढू." दुसरा म्हणाला, "मागचं अंगन बघू आधी, लांबचं." आणि बघता बघता सगळी रांग त्या बाकाकडे न बघता, जरा घाईनेच, राजवाड्याच्या पार पलीकडच्या टोकाला निघून गेली. आमच्या झुंडीतला मात्र एकही हलेना. पैठणीवाल्या बाईंनी तर मोबाइल वर केला होता. मी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काकू, भेटवस्तूंच्या दुकानात फ्रिजचे मॅग्नेट आहेत."

"कितीला?"

"पंचवीस दिरहम."

"म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये! एका मॅग्नेटला?" त्या भाव करायला निघाल्या आणि त्यांच्यामागे निम्मी बॅच गेली. उरलेल्यांना मी हाकललं. हो, हाकललं. यल्ला म्हणत.

सचिव शेवटपर्यंत रेंगाळले. "परत कशा येणार त्या?"

"नवऱ्याबरोबर. बॅचलर बसने."

"चाळीस पुरुषांत?"

"त्यातला एक त्यांचा आहे. बाकी एकोणचाळीस त्याच्या शेजारची सीट मोकळी ठेवतील, काळजी करू नका. आपल्या बसला ते जमलं नाही."

पार्कात श्रीखंड-पुरी झाली. सरांनी आभार मानले, आजच्या भेटीतून आपण काय घेऊन जाणार याचा प्रत्येकाने विचार करावा म्हणाले. बहुतेकांनी मॅग्नेट घेतले होते. दर थोड्या वेळाने सचिव माझ्याजवळ येऊन विचारत होते, "काही कळलं का? काय करतायत त्या?" मंडळाच्या घटनेत न बसणारं काही त्या बाकावर चाललं असेल अशी त्यांना भीती होती. बिचाऱ्यांचा घास उतरेना.

परतीला आमची बस राजवाड्यावरूनच जाणार होती. सचिवांनी स्वतः ती गेटसमोर थांबवली आणि मला म्हणाले, "एकदा विचारून या. आमची तयारी आहे. त्या एकट्यांना घ्यायची." एकट्यांना. दिवसभरात माणूस इंचभर हलला नव्हता.

मी आत गेले. अंगणात उन्हं तिरपी झाली होती. रखवालदाराने मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

दादा झोपले होते. बाकावर बसल्या बसल्या, डोकं वहिनींच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, चपला काढून पाय मोकळे सोडलेले. गाढ. कॅम्पात आठ जणांच्या खोलीत पहाटे चारला उठणारा माणूस भर दिवसा, राजाच्या अंगणात, घोरत होता. डबा रिकामा करून उपडा घातला होता. वहिनी एका हाताने पदराने वारा घालत होत्या. दुसरा हात त्यांच्या डोक्याखाली अडकलेला.

"कधीपासून?" मी कुजबुजले.

"जेवले आनि झालं." वहिनी हसल्या. "काय काय बोलायाचं ठरवून आलेले मी. थोरल्याच्या लग्नाचं, धाकटीच्या शाळंचं. दोन भाकऱ्या खाल्लन्, म्हनाले जरा टेकतो."

"उठवू का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

"हात बधिर झालाय नुसता," त्या म्हणाल्या. "पन असू दे. ह्यांना झोपलेलं मी बघितलंच कुठं एवढ्या वर्सांत. गावाला येतात तेव्हा पन माज्या आधी उठलेले असतात, चारला. सवय." त्यांनी दादांच्या कपाळावरची माशी हाकलली. "बाय, ती दुसरी गाडी कितीला सुटते?"

मी बाहेर आले. बॅचलर बस गेटच्या पलीकडे उभी होती. राजवाडा बघून कधीच झाला होता, तरी सगळे खाली उतरून फुटपाथवर बसले होते. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी नुसतंच. टक्कल पडलेल्या माणसाला मी विचारलं, "भाऊ, तुमची बस किती वाजता?"

"उठले का ते?"

"नाही."

"मग अजून टाइम हाय," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरला इंजिन बंदच ठेवायला सांगायला गेला.